नखाला लागणारी फट

प्लास्टिकच्या छोट्या विमानाची दोन अर्धुकं चिकटवली, की मधे बारीक फट राहतेच. हे गेले तेव्हा टेबलावर अर्धवट राहिलेल्या विमानाची फट मी आज पुट्टीने भरली. घाईने घासली की पुट्टी मागाहून आत बसते, असं हे सांगायचे. म्हणून नीट वाळू दिली, मगच पॉलिश पेपर फिरवला.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "आई, सावरलीस ना गं?"

"हो," म्हणाले. खोटं नव्हतं. रडू येत नाही, जेवण जातं, दूधवाल्याशी बोलते. भेटायला येणाऱ्यांनाही काही दिसत नाही.

विमान उजेडात धरलं. फट दिसेना. पण हे डोळ्यांवर कधीच विसंबत नसत. डोळे मिटून नख फिरवायचे. मीही फिरवलं.

शेपटीजवळ नख अडकलं.