नापास मुलाची शिष्यवृत्ती

दिग्रसच्या मिशन शाळेतल्या पोरांची कंबर किती आणि छाती किती, हे त्यांच्या आयांना ठाऊक नसेल, पण रहमतबीला ठाऊक असायचं. बत्तीस वर्षं ती त्या शाळेचे गणवेश शिवत होती. पांढरा शर्ट, खाकी पँट, खिशावर निळ्या दोऱ्याचा छोटा क्रूस. जून लागला की तिच्या ओसरीवर पोरांची रांग लागे. ती पोराला उभं करून नुसतं बघायची आणि म्हणायची, "तू यंदा चार बोटं वाढशील रे." तेवढं कापड ती पँटीच्या पायात आत दुमडून ठेवी. आपला अंदाज सहसा चुकत नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

शाळा फक्त मुलांची, फादर लोकांनी चालवलेली. तांड्यावरची, कोलाम आदिवासींच्या पोडांवरची म्हणजे वस्त्यांवरची मुलं तिथल्या वसतिगृहात राहत. गावातली हिंदू-मुसलमान पोरं दप्तर लटकवून पायी येत. रहमतबीचा नवरा जमीर याच शाळेत शिकला होता. म्हणजे नववीपर्यंत.

जमीर कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होता. मशीन बिघडलं की बाकीचे पाने घेऊन धावत. जमीर आधी डोळे मिटून ऐकत उभा राही. "डावीकडचं बेअरिंग रडून राह्यलं," असं म्हणे, आणि खोलल्यावर डावीकडचंच निघे. हंगामात पुसदकडचे जिनिंगवालेही त्याला न्यायला गाडी पाठवत. पण नोकरीच्या कागदावर तो एकेचाळीस वर्षं 'हेल्पर'च राहिला. त्याने शिकवलेली पोरं त्याची साहेब झाली, कारण त्यांच्याकडे दहावीचा कागद होता. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जागा निघाल्या तेव्हा जमीरने दोनदा अर्ज आणला आणि दोनदा तसाच घडी घालून कपाटात ठेवला.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने बायकोला एकदाच ती गोष्ट सांगितली होती. नववीत तो गणितात नापास झाला. शाळेत गरीब मुलांना फी माफ असे, पण नापास झालेल्याची माफी बंद, असा तेव्हा नियम होता. बाप हमाल. निकाल लागला शनिवारी, आणि सोमवारी जमीर जिनिंगमध्ये रुईचे ढीग ओढत होता.

"शाळेचा राग नाई आला तुम्हाले?" तिने विचारलं होतं.

"कायले? शाळा चांगलीच होती," तो म्हणाला होता. "मले फक्त एक वर्ष अजून पाह्यजे होतं."

चार वर्षांपूर्वी, जानेवारीत, कापसाच्या ऐन गर्दीत जमीर कामावरून आला, चहा प्यायला, छातीत भरल्यासारखं होतंय म्हणाला, आणि दवाखाना यायच्या आत ऑटोतच गेला. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला. जिनिंगकडून त्याच्या हक्काची रक्कम आली. मुलगी आरिफा यवतमाळला दिलेली, ती म्हणाली, "अम्मी, ओसरीवर स्लॅब टाकून घे. पावसात कापड भिजतं तुझं."

"पत्रे हायेत ना," रहमतबी म्हणाली. "मी दुसरंच ठरवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत गेली. मुख्याध्यापक फादर आल्बान केरळचे. अकरा वर्षांत त्यांची मराठी इतकी रुळली होती की रागावले की ते वऱ्हाडीत बोलत. त्यांच्या खोलीबाहेर भिंतीवर एक लांब फळा होता. त्यावर दिवंगत माणसांची नावं आणि त्यांच्या स्मरणार्थ दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्या. कुणी कापसाचा व्यापारी, कुणी जुने हेडमास्तर, कुणा डॉक्टरची आई. रहमतबीने तो फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि मगच आत गेली.

"फादर, मले यांच्या नावानं शिष्यवृत्ती द्यायची हाये."

फादरांना मनापासून बरं वाटलं. त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. "जमीरभाईंनी आपला जनरेटर किती वेळा दुरुस्त करून दिला! दहावीत पहिल्या येणाऱ्याला देऊ या?"

"पहिल्याले किती जण देतेत?"

फादरांनी मनाशी मोजलं. "सहा."

"दुसऱ्याले?"

"तीन."

"अन् नापासाले?"

फादर हसले. रहमतबी हसली नाही, तेव्हा तेही थांबले.

"मले नववी नापास झालेल्या पोट्ट्याले द्यायची हाये," ती म्हणाली. "त्याची फी, वसतिगृह, पुस्तकं. त्यानं शाळा सोडू नये म्हून. यांच्या वेळेस असं कोणी असतं, तर हे शाळेत थांबले असते."

फादरांनी कपाळ चोळलं. नियम आता जुन्यासारखा कडक राहिला नव्हता, पण नापास झालेली मुलं अजूनही जूनमध्ये परत येत नसत. दर वर्षी पाच-सहा तरी नाहीशी होत. हे त्यांनाही माहीत होतं. "देणगीदारांची समिती आहे," ते म्हणाले. "तिच्यासमोर ठेवावं लागेल. तुम्ही स्वतः या."

समितीत सातजण होते आणि त्यांचे प्रमुख सदाशिवराव. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेतले निवृत्त गणिताचे मास्तर. ताठ, स्वच्छ धोतरातले, शब्द मोजून बोलणारे. रहमतबी आपली बाजू मांडून खाली बसली तसे ते म्हणाले, "भावना समजते, बाई. पण अडचण आहे. एक तर पोरं म्हणतील, नापास झालं की पैसे मिळतात. दुसरं, स्टेजवर नाव पुकारल्यावर नापासाचं बक्षीस घ्यायला कोण येईल?"

"सर, पैसे पोट्ट्याच्या हातात द्यायचेच नाईत. अन् फक्त फीसाठी वर्षभर पुन्हा त्याच बाकावर बसायले कोणता पोट्टा मुद्दाम नापास होईल? तुम्ही झाले असते?"

दोघे-तिघे हसले.

"अन् स्टेजचं म्हणाल तर नाव पुकारू नका. त्याले ठाऊक, फादरले ठाऊक, मले ठाऊक. बस झालं."

कुणी म्हणालं, रक्कम पहिल्या आलेल्याला द्या आणि जमीरभाईंचं नाव मोठ्या अक्षरात लिहू. रहमतबीने पिशवी उचलून मांडीवर घेतली. "मंग राहू द्या. नाव तर कबरीवरही लिहेल हाये."

सदाशिवरावांनी समोरच्या कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "जमीर... हमाल मोहल्ल्यातला? शेवटच्या बाकावर बसायचा, खिडकीशी?"

"मले बाक नाई माहीत, सर. गणितात नापास झालते, एवढं माहीत हाये."

"मग मीच केलं त्याला नापास," सदाशिवराव म्हणाले. "सात मार्कांनी. पेपर नीट तपासला होता मी. मार्क बरोबरच होते." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण जूनमध्ये तो बाक रिकामा होता, तेव्हा मी चौकशी केली नाही. चौकशी करायची असते हे तेव्हा डोक्यातच आलं नाही माझ्या."

रहमतबीने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. तिने आजवर त्या मास्तराचा कधी विचारच केला नव्हता. जमीरने त्याचं नावही काढलं नव्हतं.

"ठराव लिहा," सदाशिवराव चिटणिसाला म्हणाले. "आणि त्यात हेही घाला, की शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाला शनिवारी दुपारी गणित मी शिकवीन. फुकट."

पहिल्या वर्षी नाव निघालं ऋतिकचं. वसतिगृहातला मुलगा, गाव दिग्रसपासून बारा किलोमीटरवर. गणितात आणि विज्ञानात, दोन्हींत गेलेला. शाळेने घरी निरोप पाठवला आणि तिसऱ्या दिवशी बापाचं उत्तर आलं: नको. पोरगं आता शाळेत येणार नाही.

फादर म्हणाले, "दुसरा मुलगा बघू."

"दुसरा कायले?" रहमतबी म्हणाली. तिने मापाची टेप पिशवीत टाकली आणि काळीपिवळी जीपमध्ये जाऊन बसली.

बबनरावांचं घर रस्त्यालगतच होतं. चांगला कापूस, तूर पिकवणारा माणूस. घरासमोर मोटरसायकल, दारात धुतलेली पायपुसणी. पाणी दिलं, बसायला दिलं, आणि मग स्पष्टच बोलले. "मावशी, तुमचा मान हाये. पण माह्या पोराच्या कपाळावर मी नापासाचा शिक्का मारून घेत नाई. पोरगी निकिता हुशार हाये, तिच्यावर खर्च करून राह्यलो. याचं डोकं नाई, तर वावरात येईल. त्यात कोणाचं दान कायले घ्यायचं?"

ऋतिक आतल्या दारात उभा होता. त्याची पँट घोट्याच्या वर आली होती, हे रहमतबीला आधी दिसलं.

"दान नाई हे," ती म्हणाली. "माह्या नवऱ्याच्या नावानं हाये. जमीर मिस्त्री. जिनिंगमध्ये होते."

बबनराव पाण्याचा गडू खाली ठेवता ठेवता थांबले. "जमीर मिस्त्री? ते तुमचे मालक?"

"हो."

"अहो, दोन हजार सतराला जिनिंगसमोर ट्रॅक्टरांची अर्धा कोस रांग लागलती. मशीन बंद. आम्ही कापसावर बसून दोन दिवस काढले. अकोल्याहून इंजिनेर आला, त्याले काई सापडेना. अन् मिस्त्रीनं कान लावून बोट ठेवलं, इथं खोला म्हणे. तासाभरात चालू. त्यायच्यामुळं माहा कापूस त्या भावात गेला." ते बायकोकडे वळले. "मी सांगतलं होतं ना तुले? मी तर त्यायलेच इंजिनेर समजत होतो."

"नववी नापास होते," रहमतबी म्हणाली.

आता बोलली ती बबनरावांची बायको, तानाबाई. ती मघापासून चुलीशी होती. पदराला हात पुसत पुढे आली.

"आता ऐकलं ना? पोट्टा रात्री गोधडीत तोंड खुपसून रडते, ते तुम्हाले दिसत नाई, मले दिसते. याले शाळेत जायचं हाये. शिक्का मारायचा तर माह्या कपाळावर मारा." आणि नवऱ्याच्या उत्तराची वाट न बघता तिने हाक मारली, "ऋतिक, पुढं ये. मावशी माप घेतेत."

रहमतबीने तिथेच, ओट्यावर, माप घेतलं.

शनिवारचे वर्ग सुरू झाले. सदाशिवराव काठी टेकत येत, आणि एका पोरासाठी फळाभर लिहीत. पहिले दोन महिने ऋतिक काहीच बोलत नसे. मग एकदा त्याने विचारलं, "सर, हे समीकरण कायले करतेत?" सदाशिवराव रहमतबीला ते सांगायला मुद्दाम तिच्या ओसरीवर आले. "पन्नास वर्षांत," ते म्हणाले, "मला कायले असं विचारणारा हा चौथा."

एप्रिलमध्ये ऋतिक पास झाला. गणितात त्रेचाळीस. बक्षीस समारंभात त्याचं नाव पुकारायचं नाही, असं ठरलंच होतं. पण आदल्या दिवशी तो स्वतः फादरांकडे गेला.

"फादर, माह्यं नाव घ्या."

"नक्की?"

"हो. मी नापास झालतो. मंग पास झालो. दोन्ही सांगा."

फादरांनी दोन्ही सांगितलं. क्षणभर टाळ्या वाजल्या नाहीत, कारण नापास हा शब्द त्या माइकवरून आजवर कुणी ऐकला नव्हता. मग वसतिगृहातल्या पोरांनी सुरुवात केली, आणि शेवटच्या रांगेतल्या पोरांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. बबनराव पांढरी टोपी घालून दुसऱ्या रांगेत बसले होते. उठून उभे राहून टाळ्या वाजवत होते. रहमतबी बुरख्याचं टोक दातात धरून बसली होती. तिला रडायचं नव्हतं, आणि ती रडली नाही.

दहावीनंतर ऋतिक आयटीआयला जाईल, मिस्त्री होईल, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. त्याने कला शाखा घेतली. त्याला इतिहास आवडत होता. रहमतबीला कुणी हळहळत विचारलं, तर ती म्हणाली, "तो जमीर थोडाच हाये? तो ऋतिक हाये."

दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती तांड्यावरच्या फुलसिंगला मिळाली. पोरगा मनमिळाऊ, खो-खोत पहिला, आणि अंकगणित म्हटलं की घाम फुटणारा. सदाशिवरावांनी वर्षभर शिकवलं. एप्रिलमध्ये फुलसिंग पुन्हा नापास झाला.

समितीत या वेळी सगळ्यांचं एकमत होतं. एक वर्षाची संधी दिली, आता पुढच्या मुलाला द्यावी. कागदावर तसंच लिहिलेलं होतं. सदाशिवरावही मान खाली घालून बसले होते.

"कागदावर एक वर्ष मीच लिवलं," रहमतबी म्हणाली. "कारण मले एकाच माणसाचं माहीत होतं, अन् त्याले एक वर्ष पाह्यजे होतं. फुलसिंगले दोन लागून राह्यले. त्यात त्याचा काय गुन्हा? कागद बदला."

"आणि पुढच्या मुलाचं काय?" चिटणिसाने विचारलं. प्रश्न खरा होता. रक्कम एकाचीच होती, आणि त्या वर्षी निवडलेला मुलगा केळापूरकडून आलेला, बाप नसलेला होता.

रहमतबीने बोटांवर हिशेब केला. दोघांना पुरेल एवढं होत नव्हतं.

"त्याचं मी बघतो," सदाशिवराव म्हणाले. "आमच्या हिच्या नावाने. तिला जाऊन सहा वर्षं झाली, अजून तिच्या नावाने मी काहीच केलं नाही. काय करावं ते कळत नव्हतं." आणि मग, काहीसं रागावूनच: "पण शनिवारी दोघांना एकत्र शिकवीन. दोनदा तेच ते बोलायला माझ्यात दम नाही."

यंदा फुलसिंग तिसऱ्यांदा नववीत आहे. दिवाळीआधीच्या परीक्षेत त्याला गणितात एकोणतीस मार्क पडले. गेल्या वर्षी त्याच परीक्षेत अकरा होते. पेपर घेऊन तो धावतच रहमतबीकडे आला आणि मशीनवर पालथा ठेवून उभा राहिला. तिने पेपर उलटा केला, आकडा पाहिला, चष्मा सारखा करून पुन्हा पाहिला.

"सहा कमी हायेत, खाला," तो म्हणाला.

"अठरा जास्त हायेत," रहमतबी म्हणाली, आणि त्याला सदाशिवरावांकडे पिटाळलं, म्हातारा दुपारचा झोपायच्या आत.