दोन जावांची एक गोळी

आमच्या सासूबाई नीराबाई. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर मासळी वाळवतात आणि विकतात. हातचं राखून देणं त्यांना जमतच नाही. घरात दहा बोंबील आले तर पाच धाकट्या जावेकडे, कमळकाकींकडे, जाणारच. गुण चांगला, पण थांबायचं कुठे हे त्यांना कोण सांगणार? मी सांगायचे, त्या ऐकायच्या नाहीत.

सासूबाईंची गर्भपिशवी दहा वर्षांपूर्वी काढलेली. पन्नाशीत त्यांचं अंग पेटायला लागलं. मासळी उलटतानाच घामाने निथळायच्या, झोप तर पार उडाली. अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून इस्ट्रोजेनची गोळी दिली. महिन्याभरात बाई पुन्हा जोमाने माझ्याशी भांडायला लागल्या. कमळकाकींनाही तोच त्रास, मग काय! रोज एक गोळी पदराआडून तिकडे जाऊ लागली, आणि मला पत्ता नाही.

पाच महिन्यांनी काकींना रक्त जायला लागलं. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. अलिबागला सासूबाईंनी सगळं कबूल करत आपलं पाकीट पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी ते बघून कपाळावर हात मारला.

"पिशवी काढलेल्या बाईला ही गोळी एकटी चालते. तुमची पिशवी आहे. नुसत्या या गोळीने आतलं अस्तर वाढत जातं, कॅन्सरसुद्धा होऊ शकतो."

अस्तराचा तुकडा तपासायला गेला. ते दहा दिवस कसे काढले आमचं आम्हाला ठाऊक. सासूबाईंनी स्वतःची गोळीही बंद केली. कुणाला काही न सांगता उन्हात जळत बसायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

रिपोर्ट आला. अस्तर जाड झालंय, कॅन्सर नाही. मी दवाखान्यातच रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी अस्तर सुधारू. मग हवं तर दोन हार्मोन एकत्र देते. त्यात पिशवी सांभाळली जाते, झोप लागते, हाडंही टिकतात. पण वर्षानुवर्षं घेतलं तर छातीच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. विचार करून सांगा."

परतीच्या वाटेवर रिक्षात काकी म्हणाल्या, "झोप पायजे गो मना. घेईन, पन दर वर्साला तपासून."

आमच्या घरी येताच त्यांनी सासूबाईंच्या फळीवरचं पाकीट काढलं आणि एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ही तुजी हाय. तूच खा."

सासूबाईंच्या डोळ्यांतून धारा. "मी तुला मारलीच असती गो कमळे."

"मेली न्हाय ना? मग पी पानी," काकी म्हणाल्या, आणि तांब्या त्यांच्या तोंडाला लावला.