आवियाचा टेकू

ओताकार कुदलिचकाने आयुष्यभर बस चालवली, पण विचाराल तर तो म्हणेल, मी विमानं केली. प्लास्टिकची, तळहातावर मावणारी. बस कधी उशिरा न पोचवणारा हा माणूस विमान जोडायला बसला की गोगलगायीला लाजवायचा. एकेका विमानात अख्खा हिवाळा जाई आणि माळ्यावर सुट्या भागांच्या न जोडलेल्या डब्यांची चवड छपराला टेकली होती. बायको लूबा म्हणायची, "ओटा, तू वर गेलास की हे सगळे डबे मी तुझ्या शवपेटीत घालीन. तिथे वेळच वेळ आहे."

"गोंद विसरू नकोस," ओटा म्हणायचा.

त्यातला सगळ्यांत जुना डबा आवियाचा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं आमच्या हवाई दलाचं ते एकावर एक दोन पंखांचं लढाऊ विमान. ओटा आणि त्याचा मित्र रादोवान यांनी तरुणपणी एकाच दुकानातून एकेक डबा घेतला होता. पंखांमधल्या केसाएवढ्या तारांच्या धास्तीने ओटाने तो उघडलाच नाही. रादोवानने मात्र ऐटीसाठी ठेवला. "माझ्या डब्याला अजून कुणाचा हात लागलेला नाही," असं तो आमच्या विमानं जोडणाऱ्यांच्या क्लबात सांगत फिरे.

त्या दोघांचं बिनसलं ते रंगावरून. आविया खाकी होती यावर सगळ्यांचं एकमत, पण कुठली खाकी? ओटाच्या मते तपकिरीकडे झुकणारी, रादोवानच्या मते हिरव्याकडे. जगात कुणाला याने फरक पडत नाही, आमच्या क्लबात पडतो. एका संध्याकाळी पबात रादोवान सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या रंगाची आविया केली तर तिच्यावर गुलाशचा रस्सा सांडलाय असं वाटेल." ओटा अर्धा ग्लास बिअर तशीच टाकून उठला. आमच्याकडे माणूस अर्धी बिअर टाकून जातो तेव्हा समजायचं, संपलं. त्यानंतर कित्येक वर्षं दोघांमधून विस्तव जात नव्हता. माझं विचाराल तर दोघंही गाढव.

यंदा मात्र ओटाने हिय्या करून डबा उघडला. शनिवारी क्लबाचं प्रदर्शन होतं. गुरुवारी दुपारी तो वरचा पंख चढवायला बसला आणि त्या पंखाला तोलून धरणारा नखाएवढा टेकू चिमट्यातून टणकन उडाला.

ओटा गुडघ्यांवर रांगला. लूबाचा पायमोजा व्हॅक्यूमच्या नळीवर जाळीसारखा ताणून त्याने सगळी सतरंजी पिंजून काढली. बटण सापडलं, लूबाच्या कानातलं सापडलं, टेकू नाही.

"नवा कापून कर ना," लूबा म्हणाली.

"'फक्त डब्यातलं' या गटात नाव दिलंय. बाहेरचं काही चालत नाही. तस्साच दुसरा डबा असेल तर त्यातलं चालतं."

"आणि तस्साच डबा कुणाकडे आहे?"

ओटा पुन्हा सतरंजीखाली बघू लागला.

"बूट घाल," लूबा म्हणाली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनाशी म्हणत ओटा निघाला. वाटेत त्याला कळून चुकलं की धाकधूक टेकूची नव्हतीच. टेकू नाही मिळाला तर आणखी एक विमान अर्धवट राहिलं असतं, त्याला त्याची सवय होती. पण रादोवानने दारातूनच वाटेला लावलं, तर मग काहीच उरणार नव्हतं. त्याला रादोवान हवा होता.

दार उघडलं तशी आमच्या भागातल्या त्या चीजच्या उग्र वासाची लाट बाहेर आली. हातातला पावाचा तुकडा चावत रादोवान म्हणाला, "काय?"

"आवियाचा टेकू. वरचा, डावा."

"उडाला?"

"उडाला."

"सतरंजीवर?"

"सतरंजीवर."

रादोवानने सुतक असल्यासारखी मान हलवली. या गोष्टीला आमच्यातलं कुणी हसत नाही. ओटाने बूट काढले. रादोवानने वाकून कपाटाखालून सपाता काढल्या. चौकड्यांच्या, टाच चुरगळलेल्या. ओटाच्याच, जुन्या दिवसांतल्या. त्या ओटाच्या पायांपुढे ठेवताना तो क्षणभर वाकलेलाच राहिला. मग उठून म्हणाला, "ये आत."

त्याने डबा आणून टेबलावर ठेवला. "उघड."

"मी? इतकी वर्षं हात लावू दिला नाहीस..."

"उघड रे."

आत कापसावर आविया होती. पुरी झालेली, एकेक तार ताणलेली. तपकिरीकडे झुकणाऱ्या खाकीत.

"कधी केलीस?" ओटाने विचारलं.

"तू बिअर टाकून गेलास, त्याच हिवाळ्यात. तुला खोटं पाडायला बसलो होतो. दोन्ही रंग लावून बघितले."

"मग सांगायचं तरी."

"काय सांगायचं? रस्सा बरोबर होता म्हणून?"

ओटाने डोळे पुसले. "यातला टेकू मी घेणार नाही."

"देतोय कोण?" म्हणत रादोवानने आलुबुखाराच्या दारूची, स्लिवोवित्सेची बाटली काढली.

मग तारा, गोंद, लूबाचा पायमोजा असं सगळं बोलण्यात निघालं. ओटा जायला उठला, दाराशी येऊन त्याने सपाता काढल्या आणि बुटांसाठी वाकला. लोकरी मोज्याच्या काठात एक करडी काडी अडकली होती. टेकू.

"हा बघ," तो म्हणाला. "घरून आणला मी मोज्यातून."

"मघाशीच दिसला मला. सपाता ठेवताना."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर दारातूनच परत गेला असतास," रादोवान म्हणाला.

ओटाने टेकू खिशात ठेवला आणि पुन्हा सपाता घातल्या.