खोटफेरीतलं चौकोनी घड्याळ

हिरामण विधाते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनच्या कामावर होते. दिवसभर विजेच्या गडगडाटात उभा राहणारा हा माणूस, पण त्याचा सगळा जीव विजेवाचून चालणाऱ्या घड्याळांवर. चावी द्यायची, कानाला लावायचं आणि डोळे मिटून टिकटिक ऐकायची, हे त्यांचं सुख. घर मखमलाबादच्या माळ्याचं. भाऊबंद फुलांत रमले आणि हे काट्यांत. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारासाठी हा गडी रजा टाकायचा, आणि जुन्या तांब्या-पितळेच्या ढिगातून एखादं बंद पडलेलं घड्याळ उचलून असा घरी यायचा, जणू सोयरीकच जमवून आला.

घड्याळ जितकं मोठं आणि जाड, तितका त्यांचा मान मोठा, असं त्यांचं पक्कं मत. थोरल्या लेकीच्या, संध्याच्या लग्नात त्यांनी मनगटावर असंच एक डबडं चढवलं होतं. मुहूर्त जवळ आला, भटजी म्हणाले, "वेळ बघा," आणि हिरामणराव बाही मागे सारू लागले, तर घड्याळ कफात अडकलेलं. ओढाओढीत कफाचं बटण तुटून अक्षतांच्या ताटात पडलं. मुहूर्ताची वेळ शेवटी शेजारच्याने सांगितली. पोरीच्या लग्नात आपल्याला घड्याळ दाखवताही आलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. पण कबूल कोण करतो? "गोटीरामनं कफच घट्ट शिवला," असं त्यांनी वर्षभर चारचौघांत सांगितलं.

हा गोटीराम म्हणजे नाशिकरोडचा शिंपी. तोही घड्याळवेडा, आणि आठ-दहा हौशी लोकांनी मिळून काढलेल्या घड्याळ मंडळाचा अध्यक्ष. मंडळ दर रविवारी सकाळी स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात बसे. त्यांची एक रीत होती, खोटफेरी. कुणी नवं घड्याळ आणलं की ते टेबलाभोवती हातोहात फिरायचं. ज्याच्या हातात ते येईल त्याने आधी खोट काढायची. सगळ्या खोटी काढून झाल्यावरही कुणी मनापासून कौतुक केलं, तर घड्याळ मंडळात दाखल. नाहीतर मालकाने चहा पाजायचा आणि घड्याळ खिशात घालून घरी जायचं.

मंडळाचा एक नियम मात्र खोटफेरीच्याही वरचा होता: सेलवालं घड्याळ टेबलावर यायचंच नाही. हा नियम मांडला होता खुद्द हिरामणरावांनी. "ज्याला चावी नाही त्याला जीव नाही," असं उभं राहून भाषण ठोकलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याच हाताने आपण खड्डा खणतोय, हे तेव्हा त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

त्यांची बायको कुसाबाई फुलबाजारात बसायची. हार, गजरे, तोरणं. बाजारात हिरामणरावांना कुणी ओळखत नसे, "कुसाबाईंचे मालक" म्हटलं की रस्ता मिळे. २००१ सालच्या दिवाळीची गोष्ट. पाडव्याला बायकोने ओवाळायचं आणि नवऱ्याने ताटात ओवाळणी घालायची, ही रीत. कुसाबाईने ओवाळलं, हिरामणरावांनी पाकीट घातलं, आणि मग तिने पदराआडून एक लांबट डबी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"दरसाल तुम्हीच का म्हनून? यंदा मी बी देते."

आत घड्याळ होतं. चौकोनी, पण चारी बाजू सारख्या नव्हेत, उभट. सोनेरी कड, पांढरी तबकडी, बारीक रोमन आकडे, दोनच काटे, काळा चामडी पट्टा. आणि पुरणपोळीच्या काठाएवढं चपटं. हिरामणरावांनी सवयीने कडेची कळ फिरवली.

"चावी बसत नाय गं."

"चावीबिवी नाय. सेल हाय. तुमचा रोजचा ताप वाचला."

हिरामणराव हसले, पण मनात मंडळाचा नियम आठवला. पंचाईत वेगळीच होती. घड्याळ वाईट असतं तर कपाटात ठेवून मोकळे झाले असते. पण ते त्यांना पहिल्या नजरेतच आवडलं होतं. बायकोने आपल्यासाठी दुकानात जाऊन, निवडून काहीतरी आणलंय, याने त्यांना भरून आलं होतं. ते रोज ते घालू लागले. फक्त रविवारी काढून ठेवत आणि जुनं डबडं चढवून हॉटेलात जात.

"आयतवारीच का काढता?" कुसाबाईने विचारलं.

"हॉटेलात चहा सांडतो."

कुसाबाईला ते पटलं नव्हतं, आणि पटलं नाही हे त्यांना कळलं होतं. रविवारचा चहा तेव्हापासून त्यांना गोड लागेना.

पुढल्या वर्षीच्या खंडेनवमीला व्हायचं ते झालं. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा. विधात्यांच्या पाटावर खुरपं, फुलांची कात्री, तराजू आणि एका ओळीत हिरामणरावांची सगळी घड्याळं. कुसाबाईने हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडलं. आता, ज्या घरात पहाटेपासून ओंजळी भरभरून फुलांवर पाणी मारायची सवय, तिथे शिंपडणं म्हणजे चार थेंब नव्हेत. गोल घड्याळांच्या पाठी बरणीच्या झाकणासारख्या आट्यांनी घट्ट बसलेल्या, त्यांना काही झालं नाही. चौकोनी पाठीला मात्र आटे कुठून असणार? ती नुसती दाबून बसवलेली, आणि तिला चार कोपरे. पाणी आत गेलं, पाण्याबरोबर कुंकूही गेलं, आणि घड्याळ थांबलं.

कुसाबाई पाटासमोरच रडायला बसली. "माझ्या हातानं घेतलं आन् माझ्याच हातानं मोडलं." एवढ्या वर्षांत हिरामणरावांनी तिला अशी रडताना पाहिलं नव्हतं. दसऱ्याचं सोनं वाटायच्या आधी ते घड्याळ घेऊन मेनरोडला बारकू घड्याळजीकडे पळाले. बारकूने पाठ उघडली, सगळं सुकवलं, सेल बदलला, आणि काटे पुन्हा चालू झाले. फक्त तबकडीच्या खालच्या कोपऱ्यात कुंकवाचा एक लाल ठिपका राहिला. तो खरवडला तर तबकडीचा रंग निघेल, असं बारकू म्हणाला. "राहू दे," हिरामणराव म्हणाले.

घड्याळ चालू झालेलं पाहून कुसाबाईला इतका आनंद झाला की तिने फुलबाजारात सगळ्यांना सांगून टाकलं, दिवाळीआधी नाशिकरोडला ह्यांच्या मंडळाचं घड्याळांचं प्रदर्शन आहे आणि त्यात माझं घड्याळ मांडणार आहेत. चतुराबाई गजरेवालीने तर सगळ्याजणींनी मिळून जायचं ठरवूनही टाकलं. संध्याकाळी हे कानावर आलं तेव्हा हिरामणरावांच्या हातातला घास हातातच राहिला. नियम सांगावा, तर वर्षभर रविवारी घड्याळ का काढत होतो तेही सांगावं लागणार. आणि त्या बायकांदेखत आपल्या बायकोची मान खाली जाणार. ते त्यांना मरणापेक्षा वाईट वाटलं.

प्रदर्शन एका समाजमंदिरात होतं. नव्याने नाद लागलेली बरीच मंडळी आली होती, आणि त्यांना घड्याळ कसं पारखायचं ते कळावं म्हणून गोटीरामने भरसभेत खोटफेरी ठेवली होती. मागच्या रांगेत कुसाबाई नऊवारी सावरून बसली होती, बाजूला फुलबाजारातल्या बायका. "आज कुणाचं घड्याळ?" गोटीरामने विचारलं.

हिरामणराव उठले. त्यांनी मनगटावरून चौकोनी घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे सेलवालं आहे, बायकोनं निवडून दिलेलं," ते म्हणाले. "नियम माझाच आहे, तो चुकला. खोटी मीच काढतो, कुणी दयामाया दाखवू नका."

गोटीरामच्या भुवया वर गेल्या, पण त्याने हाताने "चालू द्या" म्हटलं.

"नव्या लोकांनी नीट बघा," हिरामणराव म्हणाले. "चौकोनी घड्याळ घेताना पहिले कोपरे बघायचे. मुलामा आधी तिथंच उडतो. याचा एका कोपऱ्याला उडालाय. मग काटे. तबकडी उभट, म्हणून मिनिटकाटा तिनाला आणि नवाला बरोब्बर पोचतो, पण बाराला आणि सहाला तोकडा पडतो. याचाही पडतो. सेकंदकाटा नाही, म्हणजे चालू आहे का बंद हे कळायला मिनिटभर थांबावं लागतं. पट्टा याच्याच कडेच्या मापाचा, दुसरा मिळायला वणवण. अंधारात दिसत नाही. आणि पाणी सोसत नाही. कोपऱ्यात हा लाल ठिपका आहे, ते कुंकू. माझ्याच निष्काळजीपणानं आत गेलं."

"खोटं बोलू नका!" मागून कुसाबाईचा आवाज आला. "पानी मी शिंपडलं व्हतं."

सगळं सभागृह हसलं. हिरामणरावही हसले, आणि त्यांच्या अंगातली भीती गेली ती तिथेच. "खोटी झाल्या," ते म्हणाले. "आता कौतुक करायचं तर करा. मालकाने करायचं नाही, अशी रीत आहे."

घड्याळ हातोहात फिरलं. कुणी उलटं केलं, कुणी काचेची कड नखाने तपासली. कुणी बोलेना. शेवटी ते गोटीरामच्या हातात आलं. हिरामणरावांना वाटलं, आता चहा पाजायची वेळ आली.

गोटीरामने ते आपल्या मनगटावर बांधलं. शर्टाची बाही खाली ओढली. घड्याळ कफाखाली गेलं, कुठे फुगवटा नाही. हात उचलला, घड्याळ आपसूक बाहेर आलं. हात खाली केला, पुन्हा आत. त्याने तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली. त्याच्या चेहऱ्यावरचा अध्यक्ष निघून गेला आणि शिंपी उरला.

"जन्मभर मी लोकांचे डावे कफ सैल शिवत आलो," तो म्हणाला. "का, तर घड्याळ अडकतं. अन् मग शिव्या मी खातो. या हिरामणनं तर वर्षभर घातल्या. हे पहिलं घड्याळ बघतोय, ज्याला कापडाची कदर आहे. लग्नाकार्याला घालायचं घड्याळ कसं असावं विचाराल, तर असं. चपटं, गप्प, बाहीच्या आत राहणारं. सेल असो नाहीतर चावी. मला आवडलं. दाखल!"

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. चतुराबाईने शिट्टी मारली म्हणतात, ती अजून नाकबूल करते. एका नव्या पोरसवदा गृहस्थाने मागे वळून विचारलं, "काकू, तुम्ही हे कसं हो निवडलं?"

"मला काय कळतंय त्यातलं," कुसाबाई म्हणाली. "संध्याच्या लग्नात ह्यांना टाइम बघता आला नाय. लय वाईट वाटलं व्हतं त्यांला. बोलले नाय, पन मला दिसलं. दुकानदाराला म्हनलं, बाहीत अडकायचं नाय असं दे."

हिरामणरावांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. गोटीरामने घड्याळापुढे ठेवायला चिठ्ठीवर "हिरामण विधाते" असं लिहिलं होतं. त्यांनी ती चिठ्ठी परत मागितली, आणि आधी कुसाबाईचं नाव घालायला लावलं. दिवसभर त्या टेबलापुढे सर्वांत जास्त गर्दी होती. फुलबाजारातल्या बायका येणाऱ्याजाणाऱ्याला कुंकवाचा ठिपका बोटाने दाखवत होत्या.

पुढच्या रविवारी हिरामणराव हॉटेलात जायला निघाले. कुसाबाई ओसरीत झेंडू ओवत बसली होती. तिने त्यांच्या मनगटाकडे पाहिलं.

"चहा सांडंल की," ती म्हणाली.

हिरामणरावांनी बाही खाली ओढली.

"सांडू दे. वर बाही हाय ना."