पटर हाताला बसला पाहिजे

माझी नात पुण्यात गोल्फ खेळते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडं बोरीला आली, ती दोन पटर घेऊन. पटर म्हणजे चेंडू हळूच खड्ड्यात ढकलायची काठी. दुकानदारानं वापरून बघायला दिलेले. त्यातला एकच ठेवायचा व्हता.

अंगणात तांब्या आडवा ठेवून पोर सकाळपास्नं मारत व्हती. हलका घेई, जड घेई, पुन्हा हलका. बघून माझाही जीव थाऱ्यावर राहीना.

"आजी, सर म्हणतात हलका घे."

"सरांच्या हातानं खेळणार का तू?"

आमी बाया खुरपं घेताना दुकानापुढंच उकिडव्या बसतो आणि डोळे मिटून माती उकरतो. पातं कुठं लागलं ते हाताला कळलं, तरच ते खुरपं आपलं. म्हणून म्हणाले, "डोळे मिटून मार, अन् चेंडू कुठं गेला ते सांग."

हलक्यानं तिला सांगता येईना. जडानं मारून म्हणाली, "डावीकडं, वीतभर." बरोबर वीतभरच व्हता.

"पण चुकलाच की."

"चुकला ते कळलं ना? मग हात वळवता येईल."

जड घेऊन ती गेली. आज तिची स्पर्धा आहे. फोन येईस्तोवर माझे पाय काही एका जागी ठरत न्हाईत.