अक्कांचे सव्वीस फोटो

धारवाडला सप्तापूरच्या घरी ब्रॉडबँड आलं, त्याच वर्षी माझ्या मुलाने, म्हणजे तुमच्या बाबाने, इंटरनेटवर आपल्या कुटुंबासाठी जागा घेतली. इकडे मी फोटो लावीन तसे तुम्हाला अमेरिकेत दिसणार होते. हुबळीच्या एका स्टुडिओतून जुने फोटो स्कॅन करून मी सीडीवर आणले आणि कामाला लागले.

लग्नं, सणवार, प्रवास, मुलं असे फोल्डर केले आणि प्रत्येकाच्या आत वर्षं. तुम्हाला वाचता यावीत म्हणून नावं इंग्रजीत दिली. शेवटचा फोल्डर 'डिपार्टेड', म्हणजे दिवंगत माणसांचा. आपल्याकडे गेलेल्यांच्या तसबिरी दक्षिणेच्या भिंतीला वेगळ्या लावतात. मी हे मानत नाही असं म्हणत आले, तरी भिंतीवर पाळत आले, आणि कॉम्प्युटरवरही तेच केलं. ज्या फोटोत गेलेलं माणूस दिसलं तो उचलून त्या फोल्डरमध्ये टाकला. शेजारी कोण उभं आहे, हे पाहिलंच नाही.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. भावजी गेल्यापासून त्या जुन्या हुबळीत मुलाकडे राहत आणि अधूनमधून आठ-दहा दिवस माझ्याकडे येत. त्या आल्या असताना एका रविवारी तुमच्या बाबाचा फोन आला. मी स्पीकर लावला, आणि अक्कांनी तुमच्यातल्या धाकटीला बोलवायला सांगितलं. तिकडे थोडी कुजबुज झाली. मग बाबा हसत सांगू लागला, की ती यायला तयार नाही. ती विचारतेय, हुबळीची आजी तर वारली ना, मग बोलतंय कोण? तिने अक्कांना त्या फोल्डरमध्ये पाहिलं होतं आणि नावाचा अर्थ ताईला विचारला होता.

अक्काही हसल्या. पण फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "दाखव बघू, मला कुठं ठेवलीयस."

मी दाखवलं. त्यांचे फोटो एकूण सव्वीस. त्यांतले तेवीस भावजींबरोबरचे, म्हणून ते सगळे तिकडे. उरलेले तीन. दोन पंगतीत वाढतानाचे, पाठमोरे. तिसऱ्यात खांबाआडून अर्धा चेहरा.

"मी अजून आहे की गं," त्या म्हणाल्या.

मला फार लाज वाटली. लग्नाकार्यात त्यांना मागच्या ओळीत बसवतात, हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, म्हणून मी लोकांना नावं ठेवत असे. आता तेच मी केलं होतं, तेही नीटनेटकं, इंग्रजीत नाव देऊन. मी म्हटलं, तुमचे तेवीसही आत्ता बाहेर काढते, तिथे भावजींचे एकट्याचे तेवढे राहू देत.

अक्कांना ते पटलं नाही. "त्यांना एकट्याला तिथं ठेवून काय करतीस? त्यांनाही इकडंच आण. सासूबाईंनाही आण. तिकडं नुसत्या बसून करणार काय, इथं कामं पडलीत."

दुपारभर आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी फोटो हलवत होते आणि त्या माझ्या चुका काढत होत्या. हे लग्न नव्हे, बारसं. ही तुझी मावससासू, शेजारीण नव्हे. शेवटी रिकामा फोल्डर काढून टाकताना कॉम्प्युटरने खात्री विचारली. माझा हात थांबलेला बघून अक्का म्हणाल्या, "हो म्हण की."

पुढच्या रविवारी धाकटी फोनवर आली, पण तिने आधी परीक्षा घेतली. एका फोटोत आजी आजोबांच्या मागे बसलीय, त्या स्कूटरचा रंग कोणता? फोटो काळापांढरा, तेव्हा उत्तर तिलाही ठाऊक नव्हतं.

"पोपटी, पुट्टी," अक्का म्हणाल्या, कानडीत छोटीला लाडाने म्हणतात तसं. "आणि ती चालू नव्हती. पेट्रोल संपलं होतं, म्हणून तर मी हसतेय."

तिची खात्री पटली असावी. मग तिने विचारलं, की आजीचा आत्ताचा फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे?

तसा फोटो नव्हताच. भावजी गेल्यापासून कोणी कॅमेरा काढला की अक्का चहाचं बघायला आत जात. चार वर्षं आम्ही सगळ्यांनी त्यांना जाऊ दिलं होतं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "अजून काढला नाही," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "तुझ्या आजीला सांगते आज काढायला."