पाण्याखालची बत्तीस घरं

जिल्ह्याची माहिती देणारा ग्रंथ नव्याने लिहायचा ठरला, तेव्हा मोजमास्तरांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. भूगोल, इतिहास आणि संस्कृती असे तीन भाग. साहेब म्हणाले, जिल्हा पायाखाली घातलेला माणूस कचेरीत तुमच्याशिवाय कोण आहे? खरं तर दुसरं कुणी हो म्हणालं नव्हतं, एवढंच. मास्तरांनी फाइल ओढून घेतली. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं.

पस्तीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या होत्या. गुडघे कामातून गेले होते. घरातसुद्धा तुम्ही पावलं मोजत चालता, असं बायको म्हणायची. भूगोल त्यांनी दीड महिन्यात हातावेगळा केला : उत्तरेचे बोडके डोंगर, मधली काळी पट्टी, खाली वळण घेऊन जाणारी नदी. इतिहासासाठी दप्तरखान्यात बसले. तिथला पंखा फिरायचा कमी आणि कुरकुरायचा जास्त. तेही उरकलं. मग संस्कृतीच्या भागात धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या अकरा गावांचं प्रकरण आलं. दहा गावांची माहिती जमली. अकरावं गाव त्यांच्या थोरल्या बहिणीच्या सासरचं होतं. तिथे हात अडला.

त्या गावाची मोजणी त्यांनीच केली होती, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. पाणी जिथवर चढणार, तिथवर खुंट्या ठोकायच्या होत्या. गाव उतारावर होतं, त्यामुळे वरच्या अंगाची घरं वाचतील अशी सगळ्यांना आशा होती. ताईचं घर तिथेच होतं. रेषा तिच्या ओसरीच्या दोन हात वरून गेली. दाजी शांत माणूस. दोन हातांनी असं काय बिघडतं, एवढंच त्यांनी विचारलं. मास्तरांनी पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदाही मोजलं. खुंटी हलली नाही.

गाव उठून माळावर गेलं. दाजींनी तिथे मन घातलंच नाही, चार वर्षांत गेले. ताईने भावाशी बोलणं टाकलं. लग्नाकार्यात समोर आलेच, तर ती उठून आतल्या खोलीत जायची. भावाने स्वतःच्या हाताने माझं घर बुडवलं, असं ती नातेवाइकांत सांगते, हे त्यांच्या कानावर यायचं. एकदाही ते भांडायला गेले नाहीत.

प्रकरण अपुरं ठेवायची सवय नव्हती, म्हणून अखेर ते बसने माळावर गेले. ताई दारात शेंगा सोलत बसली होती. सुनेने पाणी आणून दिलं. मास्तरांनी खाली मान घालून कामाचं सांगितलं. ताईने आणखी दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "लिही."

तिने खालच्या अंगापासून सुरुवात केली. नदीकाठचा कोष्टी, त्याचा माग दिवसभर खडखडायचा. त्याच्या शेजारी दोन भाऊ, मध्ये भिंत घालून राहणारे. पण बायकांनी भिंतीत हात जाईल एवढं भोक ठेवलेलं, मीठमिरची द्यायला. लोहाराच्या घरी कुणाला झोप म्हणून लागायची नाही. अशी बत्तीस घरं. शेवटचं स्वतःचं.

"गाव उठल्यावर सातव्या वर्षी धरण भरलं, तेव्हा मी बघायला गेले होते," ती म्हणाली. "पाणी ओसरीवर आलेलं. तुझ्या खुंटीला टेकलं आणि थांबलं."

मास्तरांचं पेन थांबलं. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तोवर बोलायची सवय मोडली होती. आणि माझा माणूस तर गेलाच होता."

धरण भरल्याला पंचवीस वर्षं झाली होती. मास्तरांना राग यायला हवा होता, पण आला तो नुसता थकवा. ते भिंतीला पाठ टेकून बसून राहिले. ताईनेही शेंगांची टोपली बाजूला सारली.

ग्रंथ छापून आला, तेव्हा त्या प्रकरणाची एकच ओळ उरली होती : 'जलाशयामुळे अकरा गावे स्थलांतरित झाली.' पानं फार होत होती, साहेबांनी सांगितलं. मास्तरांनी वाद घातला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी बत्तीस घरांची पानं सुवाच्य अक्षरात उतरवून ताईकडे पाठवली.

आठवड्याने सुनेचा फोन आला. ती सासूला रोज दोन पानं वाचून दाखवत होती, आणि आत्याबाईंनी चुका काढल्या होत्या. लोहाराचं दार तुम्ही नदीकडे लिहिलंय, ते डोंगराकडे होतं. कोष्ट्याला तीन मुली होत्या, दोन नव्हे. सगळं फोनवर सांगता येणार नाही, तुम्हालाच बोलावलंय.

मास्तरांनी गुडघ्यांना तेल चोळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघाले.